आधी धडा

वार्डो बंदराच्या वरच्या अंगाला, पिवळ्या घरात
गुनवोर इसाक्सेन मला कॉफी ओतून देते, उभ्यानं,
एक हात ओट्यावर.
दिवसाची उठबस तिनं मोजून ठेवली आहे,
त्यातली एक ती पाहुण्यावर खर्च करते.

खुब्याचं हाड मोडलं त्याला आज चार महिने.
नोव्हेंबरातली संध्याकाळ, कचरा टाकायला निघालेली,
पायरीवर काचेसारखा बर्फ.
पिशवी मात्र फाटली नाही,
हे ती मला दोनदा सांगते.

मी फॉर्म उघडते.
प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन, एकात फुली.

चालताना अडचण येते का?
"कुठपर्यंत चालताना?"
न्हाणीघरापर्यंत नाही. टपालपेटीपर्यंत थोडी.
धक्क्यापर्यंत...
ती खिडकीकडे बघते.
मी मधल्या चौकोनात फुली मारते
आणि फुली मारल्याची मलाच लाज वाटते.

कपडे स्वतःचे स्वतः घालता?
डावा मोजा सोडून सगळे.
डावा मोजा शेजारचा सिवर्त चढवतो,
शाळेत जाता जाता, दहा वर्षांचा,
गुडघे टेकून, कान लाल करून.
शनिवार-रविवार त्याला सुट्टी,
म्हणून शुक्रवारचा मोजा सोमवारपर्यंत पायात.

काळजी, उदासी?
"शुक्रवारी विचारतेस की सोमवारी?"

रोजच्या कामांचा प्रश्न ती ओलांडून जाते.
मी जागा कोरी सोडते.

शेवटी ती उभी पट्टी, शून्यापासून शंभरापर्यंत.
आजची तब्येत जिथे वाटते तिथे खूण करा.

पेन्सिल ती हातात घेत नाही.
एकतीस वर्षं ती मासळीच्या धक्क्यावर काट्यापाशी उभी होती.
कुणाचा अंगठा किती दाबतो,
पेटीत कॉड किती आणि बर्फाचं पाणी किती,
लांबून ओळखायची.
"आधी धडा केलास का?" ती विचारते.
"रिकाम्या पेटीचं वजन गं.
ते वजा केल्याशिवाय मासळी किती, कसं सांगणार?"

मी म्हणते, भरतीच्या रात्री विचारलं होतं,
पडण्याआधीचा आकडा. तुम्ही नव्वद म्हणालात.

ती हसते, हसताना हात खुब्यावर जातो.
"मोडल्या हाडाला कालचा दिवस नव्वदच दिसणार.
ओदमुन गेला त्या हिवाळ्यात विचारायचं होतंस.
तीससुद्धा दिले नसते,
आणि दोन्ही पाय धडधाकट होते."

मग खूण करते,
बासष्ट आणि त्रेसष्ट यांच्या बरोब्बर मधे.
अर्ध्याला जागा नाही, मी सांगते,
संगणक पूर्ण आकडाच घेतो.
"अर्ध्या किलोवरून इथे भाऊ भावाशी बोलेनासे झालेत,"
ती म्हणते, आणि खोडत नाही.

खाली एक होडी आत येते.
गुनवोर पडदा सारते, चष्मा पुसते,
होडी पाण्यात किती बुडाली आहे ते बघत राहते.
कॉफी निवते.
"साडेचारशे," ती म्हणते. "थोडी कमीच.
पूर्वी खाली जाऊन बघायचे रोज सकाळी.
आता काच मधे."
थोडा वेळ थांबून:
"तुझ्या त्या कोऱ्या चौकोनाचं म्हणत होते."

निघताना मी उतारावरून जपून चालते,
माझेही दोन्ही खुबे एकाएकी आठवतात.
धक्क्यावर काट्यापाशी एक पोरगा बसलेला,
त्याला विचारते, आत्ताच्या होडीत किती निघाली?
"चारशे एक्केचाळीस. का?"

गाडीत बसून फॉर्म पुन्हा उघडते.
बासष्ट लिहिते.
उरलेला अर्धा, आणि ते चारशे एक्केचाळीस,
कुठल्या रकान्यात टाकावेत
हे अजून कळलेलं नाही.